सागाची पाने दुमडणारा पतंग आणि आयनॅचरलिस्ट: एका ओळखसेवेचे परीक्षण

छायाचित्रावरून सजीवांची ओळख पटवण्यासाठी आयनॅचरलिस्ट ही सेवा आता महाराष्ट्रातील निसर्गप्रेमींच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. पक्षी, फुलपाखरे आणि रानफुले यांच्या बाबतीत ती किती उपयोगी आहे हे बहुतेकांना अनुभवाने ठाऊक आहे, म्हणून या परीक्षणासाठी मी मुद्दाम अवघड जीव निवडला: सागाच्या पानाची कड दुमडून त्या घडीत राहणारा हायब्लिया प्युएरा हा छोटा पतंग. हा जीव एका वेळी एकाच रूपात भेटतो. आधी पानाची घडी दिसते, घडीत अळी असते, कोश जमिनीवरच्या पाचोळ्यात जातो आणि पतंग रात्री एखाद्या दिव्यापाशी येऊन बसतो. ही चारही रूपे एकाच जिवाची आहेत हे नुसत्या छायाचित्रांवरून कोणालाच सांगता येत नाही. आयनॅचरलिस्टची सारी रचना मात्र एक जीव, एक जागा आणि एक क्षण अशा नोंदीवर उभी आहे. त्यामुळे या पतंगासाठी सेवेकडून काय मिळते हे बऱ्याच अंशी आपण तिला काय देतो यावर ठरते, आणि हे देणे कसे असावे हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

सेवेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून ती सुरू केली. 2017 पासून संगणक छायाचित्र पाहून नावे सुचवू लागला आणि 2023 पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालते. वापरण्यासाठी पैसे लागत नाहीत आणि जाहिराती नाहीत. मोबाइलवर खाते उघडणे, छायाचित्र चढवणे, तारीख आणि ठिकाण भरणे यांत शिकण्यासारखे फारसे काही नाही. जंगलात नेटवर्क नसले तरी छायाचित्र काढून ठेवता येते आणि गावात परतल्यावर नोंद करता येते, हे मेळघाट किंवा आलापल्लीच्या बाजूला फिरणाऱ्यांना सोयीचे आहे.

आता पतंगाकडे वळू. सागाची कोवळी पाने फुटली की मादी त्यांच्या शिरांच्या कडेने, बहुधा पानाच्या खालच्या बाजूस, सुटी सुटी अंडी घालते. अंडे पांढरट, चपटे आणि जेमतेम एक मिलिमीटर लांब असते. एक मादी पाचशेच्या आसपास अंडी घालू शकते आणि उबदार हवेत ती दोनेक दिवसांत फुटतात. अळीच्या वाढीचे पाच टप्पे असतात. पहिल्या दोन टप्प्यांत ती पानाचा पृष्ठभाग खरवडून खाते आणि विरळ रेशमी धाग्यांच्या आडोशाला राहते. तिसऱ्या टप्प्यापासून तिचा खरा उद्योग सुरू होतो. पानाच्या कडेपासून आत काप घेऊन ती एक पाळी मोकळी करते, ती पाळी पानावर उलटवते आणि रेशमाने टाचून टाकते. दिवसा या घडीत दडायचे आणि मुख्यतः रात्री खायचे, असा तिचा क्रम असतो. पान संपत आले की ती दुसरीकडे जाऊन नवी घडी घालते. अनुकूल हवेत अळीचा काळ दहा-बारा दिवसांत आटोपतो आणि पूर्ण वाढलेली अळी चार सेंटिमीटरच्या आसपास भरते. मग ती रेशमी धाग्याला लोंबत खाली उतरते आणि पाचोळ्याच्या किंवा मातीच्या पातळ थराखाली पानाचे तुकडे जोडून सैलसर कोश करते. आठवडाभरात पतंग बाहेर येतो. अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा फेरा उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण तीन आठवड्यांत पुरा होतो, तर थंड हवेत त्याला पाच आठवडेही लागतात.

सेवेची पहिली कसोटी म्हणजे घडी, कारण जंगलात फिरणाऱ्याला आधी तीच दिसते. नुसत्या घडीचे छायाचित्र चढवले तर चौकटीचा मोठा भाग सागाच्या पानाने व्यापलेला असतो, त्यामुळे सुचवलेल्या नावांत साग वर येणे स्वाभाविक आहे. संगणकाला जे दिसते त्याचेच नाव तो सांगणार. नोंद पानाची आहे की पान दुमडणाऱ्याची, हे नोंद करणाऱ्यानेच ठरवून लिहावे लागते. शिवाय सागाच्या पानावरची प्रत्येक घडी हायब्लियाचीच असते असे नाही. कोळी पाने दुमडतात, इतर पतंगांच्या अळ्याही दुमडतात. म्हणून एकाच नोंदीत निदान तीन छायाचित्रे हवीत असे माझे ठाम मत आहे. पहिले बंद घडीचे, ज्यात कापलेली पाळी आणि टाचलेले धागे दिसतील. दुसरे उघडलेल्या घडीचे, ज्यात अळी आणि तिची विष्ठा असेल. तिसरे संपूर्ण पानाचे किंवा फांदीचे, म्हणजे झाड कोणते याबद्दल शंका राहणार नाही. एका नोंदीत अनेक छायाचित्रे जोडण्याची सोय सेवेत आहे. बहुतेक जण ती एकाच पोझचे पाच फोटो टाकण्यासाठी वापरतात, पण तिचा खरा उपयोग असा आहे.

अळीच्या ओळखीत सेवेचे बळ आणि मर्यादा दोन्ही दिसतात. हायब्लियाची अळी एका रंगाची नसते. झाडावर अळ्या थोड्या असतील तेव्हा ती बरीचशी हिरवट राहते. प्रादुर्भाव होऊन एकेका पानावर अनेक अळ्या आल्या की ती काळपट होते आणि अंगावर नारिंगी व पांढरे लांब पट्टे उठून दिसतात. शेजारी ठेवली तर या दोन अळ्या एकाच जातीच्या आहेत यावर नवख्याचा विश्वास बसणार नाही. संगणकाची शिकवणी लोकांनी चढवलेल्या छायाचित्रांवरच होते, आणि ठरावीक संख्येइतकी छायाचित्रे जमल्याशिवाय एखादी जाती त्याच्या शिकवणीत येतच नाही. पतंगांच्या बाबतीत प्रौढ पतंगांची छायाचित्रे मुबलक आणि अळ्यांची कमी, अशी सर्वत्रच स्थिती असते, कारण दिव्याला आलेला पतंग टिपणे सोपे आहे आणि घडी उलगडून अळी शोधण्यासाठी थांबणारे थोडे आहेत. म्हणून अळीच्या छायाचित्रावर आलेल्या सूचनेला प्रौढाच्या सूचनेइतके वजन देऊ नये. ‘जवळपास अपेक्षित’ असा शेरा असलेले नाव अधिक विश्वासाचे वाटते, पण त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच की त्या भागात ती जाती आढळणे अपेक्षित आहे. समोरची अळी तीच आहे याचा तो पुरावा नव्हे.

सागाच्या बाबतीत खरी गफलत होते ती दुसऱ्या एका पतंगाशी. युटेक्टोना मॅकेरॅलिस ही सागाच्या पानांची जाळी करणारी जाती महाराष्ट्रात सर्वांनी पाहिली आहे, नाव माहीत नसले तरी. पावसाळा सरता सरता सागाची बने आग लागून गेल्यासारखी तपकिरी दिसू लागतात, ते बहुधा हिचे काम असते. दोघांच्या खाण्याची तऱ्हा अगदी वेगळी आहे. हायब्लियाची अळी कोवळ्या पानाचा गर शिरांसकट फस्त करते आणि मधली जाड शीर व काही मोठ्या शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. युटेक्टोनाची अळी जून पानाच्या शिरांमधला मऊ भाग खाते आणि बारीकातल्या बारीक शिरेचे जाळे शाबूत ठेवते, त्यामुळे पान झाडावरच वाळून राहते. पहिलीचा जोर पावसाच्या सुरुवातीच्या कोवळ्या पालवीवर असतो, दुसरीचा पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर. युटेक्टोनाची अळी आकाराने बरीच लहान, दोन-अडीच सेंटिमीटरची असते, आणि तिचा पतंग पिवळा असून पंखांवर गुलाबी-तांबूस नागमोडी रेघा असतात. म्हणजे अळी सापडली नाही तरी खाल्लेले पान आणि नोंदीची तारीख या दोन गोष्टींवरून जाणकार बराच पल्ला गाठू शकतो. आयनॅचरलिस्टवर तारीख बहुधा छायाचित्रासोबत आपोआप येते, पण खाल्लेल्या पानाचे छायाचित्र मुद्दाम काढावे लागते, आणि ते फार कमी नोंदींत असते.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण छायाचित्राची सीमा कुठे येते हे त्यातून कळते. आग्नेय आशियातल्या सागावर जाळी करणारी पॅलिगा डॅमॅस्टेसॅलिस ही जाती आणि आपली युटेक्टोना यांची अभ्यासकांमध्येही दीर्घ काळ सरमिसळ होत राहिली होती. अशा जोड्यांचा निकाल पतंगाच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लागतो. आयनॅचरलिस्टने सुचवलेले नाव तिथवर पोहोचू शकत नाही आणि पोहोचावे अशी अपेक्षाही ठेवू नये. ज्या नोंदीत पुरावा प्रजातीपर्यंतच, म्हणजे जातीच्या वरच्या गटापर्यंतच, पुरतो तिथे जातीचे नाव न लावता थांबण्याची मुभा सेवेने दिली आहे. ही मुभा वापरणारे लोक मला सेवेचे सर्वांत चांगले वापरकर्ते वाटतात.

प्रौढ पतंग ओळखायला त्यामानाने सोपा, पण एका अटीवर. बसलेला हायब्लिया पुढचे पंख कौलारू छपरासारखे उतरते धरतो आणि त्या करड्या-तपकिरी पंखांखाली सारे वैशिष्ट्य झाकून टाकतो. मागचे पंख काळपट असून त्यांवर नारिंगी-पिवळे ठसठशीत पट्टे असतात, आणि ओळख तिथे आहे. हायब्लिया प्रजातीत भारतात आणखीही जाती आहेत. त्यांच्यातला फरक पाहण्यासाठी मागच्या पंखांवरचे ठिपके-पट्टे दिसणे आवश्यक ठरते. त्यामुळे पांढऱ्या पडद्यावर दिवा लावून पतंग पाहणाऱ्यांनी बसलेल्या पतंगाच्या छायाचित्रावर समाधान मानू नये. गवताच्या काडीने हलकेच डिवचले की तो क्षणभर पंख उघडतो, तेव्हाचे थोडे अस्पष्ट छायाचित्रही ओळखीसाठी नीटस बसलेल्या पतंगाच्या छायाचित्रापेक्षा मोलाचे असते. 2012 पासून दर वर्षी जुलैच्या अखेरच्या दिवसांत साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय पतंग सप्ताहात भारतातूनही मोठ्या प्रमाणावर नोंदी होतात, आणि आपल्याकडे तो काळ सागाच्या ताज्या पानांचा असतो. त्या आठवड्यात दिव्याइतकेच लक्ष सागाच्या पानांकडे दिले तर अळी आणि पतंग दोन्ही एकाच ठिकाणाहून नोंदवता येतील.

घडीतली अळी आणि दिव्यावरचा पतंग एकच, हे सिद्ध करण्याचा निर्विवाद मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे अळी वाढवून पाहणे. झाकणाला भोके असलेला डबा, रोजच्या रोज सागाचे ताजे पान, ओल साचू नये म्हणून तळाशी कागद आणि शेवटच्या दिवसांसाठी सुक्या पानांचा थर, इतके पुरते. एवढ्या साध्या खटाटोपातून घडी कशी घातली जाते, अळी रंग बदलते का, कोश कसा असतो आणि शेवटी कोण बाहेर येते हे सारे एका जिवाच्या बाबतीत सलग पाहायला मिळते. कधी कधी पतंगाऐवजी त्या अळीवर वाढलेली परोपजीवी माशी किंवा गांधीलमाशीची एखादी चिमुकली नातलग बाहेर येते, आणि ती नोंदही तेवढीच महत्त्वाची आहे. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून अळ्या उचलू नयेत, त्यासाठी परवानगी लागते. शेताच्या बांधावरचा किंवा स्वतःच्या आवारातला साग या कामाला पुरेसा आहे.

मात्र नेमक्या याच जागी आयनॅचरलिस्टचा नियम आडवा येतो, आणि या परीक्षणातला माझा मुख्य आक्षेप तोच आहे. माणसाने ठेवलेला जीव तिथे ‘बंदिस्त’ ठरतो. घरच्या डब्यात निघालेल्या पतंगाची स्वतंत्र नोंद केली की तशी खूण करावी लागते आणि ती नोंद ‘कॅज्युअल’ गटात जाते, म्हणजे ‘रिसर्च ग्रेड’ दर्जा तिला मिळत नाही. नियमामागचे कारण मला मान्य आहे. नैसर्गिक आढळ दाखवणाऱ्या नकाशात डब्यातले पतंग मिसळले तर नकाशा खोटा पडेल, आणि तारखेचे गणित तर नक्कीच चुकेल. पण परिणाम असा होतो की दिव्यावरच्या पतंगाचे एकच अपुरे छायाचित्र दर्जा मिळवू शकते आणि पानाच्या घडीपासून पतंगापर्यंतचा सलग पुरावा खालच्या गटात पडून राहतो. जीवनचक्र नोंदवणाऱ्यांसाठी सेवेने एक सरळ वाट आखून द्यायला हवी: एका जिवाच्या अनेक अवस्था, प्रत्येकीची आपली तारीख, आणि पहिली अवस्था नैसर्गिक असल्याची स्पष्ट नोंद. तोवर उपलब्ध साधनांतून मला पटलेली पद्धत सांगतो. जंगलात किंवा बांधावर अळी सापडली त्या दिवसाची आणि जागेची नोंद रानटी जीव म्हणून करावी. पुढे निघालेल्या पतंगाची वेगळी नोंद ‘बंदिस्त’ खुणेसह करावी. मग दोन्ही नोंदींच्या टिपणांत एकमेकींचे दुवे द्यावेत. अळीच्या नोंदीवर मत देणारा जाणकार तो दुवा उघडून पतंग पाहू शकतो आणि अळीचे नाव ठामपणे लावू शकतो. काम दुप्पट होते, पण दर्जा अळीच्या नोंदीला मिळतो आणि पुरावाही हरवत नाही.

‘रिसर्च ग्रेड’ या शब्दांना आपल्याकडे जरा जास्तच मान दिला जातो, म्हणून त्याचा अर्थ पाहू. छायाचित्र, तारीख आणि ठिकाण असलेल्या रानटी जिवाच्या नोंदीवर किमान दोन जणांनी मत दिले आणि दोन-तृतीयांशांहून अधिक मते जुळली की तो दर्जा मिळतो. दुसरे मत देणाऱ्याने पंखांवरचे पट्टे तपासले की पहिल्याच्या नावावर सहमतीची कळ दाबली, हे त्या दर्जातून कळत नाही. मोठ्या फुलपाखरांत यामुळे फारसे बिघडत नाही, कारण पाहणारे डोळे पुष्कळ असतात. लहान पतंगांच्या, विशेषतः त्यांच्या अळ्यांच्या नोंदींकडे पाहणारे जाणकार मोजके असतात आणि चुकीचे नाव बराच काळ तसेच राहू शकते. सेवेचा खरा आधार ही जाणकार मंडळी आहेत. ती मोबदल्याशिवाय, रात्र-रात्र बसून अनोळखी लोकांच्या अळ्यांना नावे देतात आणि कारणही लिहितात. त्यांच्या एका ओळीच्या खुलाशातून जे शिकायला मिळते ते संगणकाच्या सूचनेतून मिळत नाही. आपल्या नोंदीवर कोणी ‘मागचे पंख दिसतात का?’ असे विचारले तर उत्तर द्यावे, ही किमान सभ्यता आहे.

सेवेतली मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेआड राहते. प्रत्येक नोंदीवर अंडे, अळी, कोश किंवा प्रौढ अशी अवस्थेची खूण करता येते, आणि जातीच्या पानावर या खुणांवरून महिन्यांचा आलेख तयार होतो. या एका खुणेला दोन क्षणांहून जास्त वेळ लागत नाही, पण ती नसेल तर नोंद आलेखात अवस्थेनुसार मोजली जात नाही. या आलेखाचे मोल कळण्यासाठी केरळमधील निलंबूरकडे पाहावे. तिथे 1840 च्या दशकापासून सागाची लागवड आहे, आणि हायब्लियाचा सर्वांत सखोल अभ्यास तिथल्याच बनांत झाला. पीचीच्या केरळ वन संशोधन संस्थेच्या अभ्यासात, चार ते नऊ वर्षांच्या सागाच्या लाकडाची जी वाढ होऊ शकली असती तिच्यातील 44 टक्के या अळीमुळे घटल्याचे दिसले. मान्सूनपूर्व सरींनंतर आधी लहान लहान तुकड्यांत अळ्या उसळतात आणि पुढच्या पिढ्या मोठ्या क्षेत्रावर पसरतात, हेही तिथेच नोंदले गेले. या अळीला मारणारा एक विषाणूही तिथल्या संशोधकांनी शोधून तिच्या नियंत्रणासाठी वापरून पाहिला. हे सारे पहिल्या उसळीची जागा आणि वेळ कळण्यावर अवलंबून आहे. चंद्रपूर, यवतमाळ किंवा पालघरच्या सागावर पहिल्या घड्या कोणत्या आठवड्यात दिसतात, याची विखुरलेली पण अवस्थेसह केलेली नोंद दहा वर्षांत किती उपयोगी पडेल याची कल्पना यावरून यावी. इतरांना वापराची मुभा देणाऱ्या योग्य परवान्याखाली दिलेल्या ‘रिसर्च ग्रेड’ नोंदी जागतिक जैवविविधता माहितीसाठ्याकडेही जातात, म्हणून खाते उघडताना परवान्याचा पर्याय वाचून निवडावा.

हा पतंग फक्त सागावर थांबत नाही, हेही अशा नोंदींतून उघड होते. मुंबईत विक्रोळीच्या खाडीकाठी तिवराच्या पानांचा फडशा पाडणारी अळी हीच होती, याची शास्त्रीय नोंद झालेली आहे. तिवर आणि साग यांवरच्या अळ्या एकाच नावाखाली येत असल्याने, नोंदीत खाद्यवनस्पतीचा उल्लेख नसेल तर ही सगळी कथा पुसली जाते. खाद्यवनस्पतीसाठी वेगळा रकाना जोडता येतो. तो भरायचा कंटाळा येत असेल तर निदान टिपणात ‘तिवरावर’ किंवा ‘सागावर’ एवढे तरी लिहावे. ठिकाण धूसर करण्याची सोय आहे, पण ती वापरली की नोंद वीस-पंचवीस किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी दिसते. सागावरच्या अळीसाठी, नोंद स्वतःच्या घराच्या अंगणातली नसेल तर, ती वापरण्याचे कारण मला दिसत नाही.

पर्याय म्हणून ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळाचा उल्लेख करायला हवा. तिथे छायाचित्रे संपादकांच्या नजरेखालून गेल्यावरच प्रसिद्ध होतात, त्यामुळे जातीच्या पानावरील चित्रे पडताळणीसाठी अधिक भरवशाची आहेत. चटकन उत्तर हवे असणाऱ्यासाठी मात्र ती जागा नव्हे. मी दोन्ही सेवा एकापाठोपाठ वापरण्याची शिफारस करतो: आयनॅचरलिस्टकडून संभाव्य नावे घ्यावीत, ‘मॉथ्स ऑफ इंडिया’वर मागचे पंख आणि उपलब्ध असतील तर अळीची चित्रे ताडून पाहावीत, आणि मगच आयनॅचरलिस्टवर परत येऊन आपले मत नोंदवावे. नुसते नाव हवे असेल आणि पतंग पंख उघडून बसला असेल तर आयनॅचरलिस्टला पाचपैकी चार गुण देईन. घडी किंवा अळीपासून सुरुवात करणाऱ्याला, वर सांगितलेली छायाचित्रे आणि दुवे देण्याची तयारी असेल तर साडेतीन, आणि एकच छायाचित्र टाकून उत्तराची वाट पाहायची असेल तर दोन. येत्या जूनमध्ये सागाला पाने फुटतील तेव्हा घडी, अळी आणि खाल्लेले पान या तिन्हींसह अवस्थेची खूण असलेल्या नोंदी आपापल्या तालुक्यातून कराव्यात, कारण महाराष्ट्रातील सागाच्या क्षेत्राच्या मानाने अळीच्या नोंदी अजून फार थोड्या आहेत.